ओझ्याची वाटणी

ओझे या शब्दाला आपल्या भाषेत चांगले दिवस फारसे आलेच नाहीत. कर्जाचे ओझे, उपकाराचे ओझे, अपराधाचे ओझे, संसाराचे ओझे, असे ज्या ज्या गोष्टीपासून माणसाला सुटका हवी असते त्या त्या गोष्टीला आपण हा शब्द जोडून ठेवला आहे. त्यामुळे दुसऱ्याचे ओझे उतरवणे हे पुण्य आणि दुसऱ्यावर ओझे टाकणे हे पाप, असा सरळ हिशेब आपल्या मनात पक्का बसलेला असतो. हा हिशेब बव्हंशी बरोबर आहे. परंतु तो पुरता बरोबर आहे का, याविषयी मला अलीकडे शंका वाटू लागली आहे. एखाद्याचे ओझे काढून घेतल्याने त्याच्यावर अन्याय होऊ शकतो काय? होत असेल, तर कोणते ओझे कोणाकडे राहू द्यावे हे ठरवायचे कोणी? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा यथामती विचार करण्याचे योजिले आहे.

असा प्रश्न घरी आरामखुर्चीत बसून सोडवू गेल्यास फारसे हाती लागत नाही, कारण घरातील ओझी डोळ्यांना दिसत नाहीत. कोण किती वाहतो याचे माप नसते आणि ज्याचा त्याचा समज असा असतो की सर्वांत अधिक भार आपल्याच शिरावर आहे. त्याऐवजी कुटुंबाने पाठीवर सामान घेऊन डोंगरातून चालावे आणि रात्र रानात काढावी, म्हणजे हाच प्रश्न पिशव्या, गाठोडी आणि किलोग्रॅम यांचे रूप घेऊन समोर उभा राहतो. २०२२ च्या कार्तिकात आम्ही घरातील सहा माणसे गिरनारच्या परिक्रमेला गेलो होतो. त्या वाटेवर जे पाहिले त्याचा आधार घेऊन पुढील विवेचन केले आहे.

बडोद्यातील मराठी घरांना गिरनार परका नाही. दत्तशिखराच्या ओढीने हजारो पायऱ्या चढून आलेले कोणी ना कोणी प्रत्येक घरात सापडते. परिक्रमा मात्र त्याहून निराळी. तिच्यात शिखर गाठायचे नसते. सबंध पर्वताला त्याच्या पायथ्याच्या जंगलातून प्रदक्षिणा घालायची असते. कार्तिक शुद्ध एकादशीला, म्हणजे पंढरपुरात कार्तिकीचा सोहळा चालू असतो त्याच दिवशी, ती सुरू होते आणि पौर्णिमेला संपते. गुजराती लोक तिला ‘लीली परिक्रमा’ म्हणतात. लीली म्हणजे हिरवी. पावसाळा सरून गेला तरी साग आणि बांबू यांच्या रानातली हिरवाई अजून ओसरलेली नसते, त्यावरून हे नाव. वाट सुमारे ३६ किलोमीटरांची. भवनाथच्या तळेटीपासून जीणाबाबांची मढी १२ किलोमीटर, तेथून माळवेला ८, मग बोरदेवी ८ आणि पुन्हा भवनाथ ८, असे तिचे टप्पे आहेत. मध्ये तीन ठिकाणी खडी चढण लागते. तिला तिकडे ‘घोडी’ असा शब्द आहे. हे सारे रान २००८ पासून अभयारण्य असून तेथे सिंहांचा वावर आहे, त्यामुळे ही वाट वर्षातून एवढ्या दिवसांपुरतीच सामान्य यात्रेकरूंना मोकळी होते. पूर्वी लोक पीठ, डाळ, तांदूळ, भांडी असा सारा संसार डोक्यावर घेऊन निघत आणि झाडाखाली चूल मांडून स्वयंपाक करीत. आता जागोजागी अन्नक्षेत्रे असतात, शिधा न्यावा लागत नाही. तरीही पांघरुणे, सतरंज्या, कपडे, औषधे, पाणी आणि वाटेत तोंडात टाकायला ठेपले, सुखडी एवढे बरोबर घ्यावेच लागते. दोन मुक्काम धरले तर सहा माणसांचे सामान काही थोडे होत नाही.

आमचे सामान भरले ३१ किलो. हा आकडा इतका नेमका सांगता येतो, कारण माझा मुलगा अभियंता असून त्याने निघण्याच्या आदल्या रात्री प्रत्येक पिशवी ताणकाट्याला लावली होती. त्याने वाटणी केली ती अशी: त्याच्याकडे ११ किलो, माझ्याकडे ७, सूनबाईकडे ७, माझ्या पत्नीकडे साडेतीन आणि दहा वर्षांच्या नातवाकडे अडीच. सहावे माणूस म्हणजे माझी थोरली बहीण. तिला आम्ही अक्का म्हणतो. वय ७४. तिने विचारले, “आणि माझं?” मुलगा म्हणाला, “आत्या, तुला काही नाही. तू नुसती चाल.” सर्वांना ते योग्यच वाटले.

आता या वाटणीमागचे तत्त्व तपासून पाहू. ओझे वाटण्याच्या तीन रीती संभवतात. पहिली समान वाटणीची: ३१ किलोला सहाने भागावे आणि प्रत्येकाने पाच किलोंहून थोडे अधिक उचलावे. कागदावर ही रीत निर्दोष दिसते. तथापि दहा वर्षांचा मुलगा आणि चाळिशीचा धडधाकट पुरुष यांना सारखेच वजन देणे म्हणजे समतेच्या नावाखाली मुलावर जुलूम करणे होय, हे कोणालाही पटेल. दुसरी रीत ज्याचे त्याने वाहण्याची. ती स्वाभिमानी माणसाला आवडते. परंतु तिच्यात एक मोठी अडचण अशी की, ज्याच्या गरजा अधिक त्याचीच शक्ती बहुधा कमी असते. म्हाताऱ्या माणसाला औषधे अधिक लागतात, पांघरूण अधिक लागते आणि उचलण्याचे बळ मात्र त्याच्याच अंगी सर्वांत थोडे. शिवाय पाण्याचा डबा, दोरी, विजेरी ही सामान ‘ज्याचे त्याचे’ या सदरात बसतच नाही. ते सर्वांचे असते, म्हणून कोणाचेच नसते. तिसरी रीत यथाशक्ती वाहण्याची. तिघींत ही निःसंशय श्रेष्ठ आणि मुलाने अवलंबिली ती हीच.

पण यथाशक्ती म्हणताना शक्ती कोणती मोजायची, हा प्रश्न उरतोच. ताणकाट्यावर फक्त सामान चढते. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत माझ्या ध्यानात आले की, वाटेवर आणखी दोन ओझी आहेत आणि ती काट्याला लावता येत नाहीत. एक ओझे वेगाचे. सहा जणांत सर्वांत सावकाश चालणाऱ्याच्या गतीने सर्वांनी चालायचे, असे ठरले होते. ज्याचे पाय तरुण आहेत त्याला दर शंभर पावलांवर थांबणे हे पाठीवरच्या ११ किलोंपेक्षा जड जाते. चालण्याने माणूस तितका थकत नाही, जितका आपली चाल आवरून धरण्याने थकतो. मुलगा ते ओझे मुकाट्याने वाहत होता आणि त्याची नोंद कोठेच नव्हती. दुसरे ओझे लक्ष ठेवण्याचे. कोणाची गोळी किती वाजता, मुलाने पाणी प्यायले की नाही, सतरंजी ओल्या जागी टाकली की काय, उद्यासाठी किती ठेपले उरले, हे सारे सूनबाईच्या डोक्यात होते. पाठीवर ७ किलो आणि डोक्यात आम्ही सहा जण. घरी हे ओझे ती वर्षानुवर्षे वाहत असेल. घराच्या भिंतींत ते दिसत नाही; रानात दिसले, कारण तेथे एक गोष्ट विसरली तर शेजारच्या दुकानात धावण्याची सोय नव्हती. वाटणीचा न्याय करायचा तर प्रथम अशी न दिसणारी ओझी मोजणीत धरली पाहिजेत. ती न धरता केलेला हिशेब कितीही नेटका असला तरी अपुराच राहतो.

इथवर विषय सोपा आहे. अवघड भाग अक्काचा. पहिली घोडी ओलांडल्यावर ती मागे पडू लागली. तिची चाल मुळातच सावकाश, त्यात नवल नव्हते. पण ती बोलेनाशी झाली होती. जीणाबाबांच्या मढीपाशी रात्रीचा मुक्काम पडला. शेकडो कुटुंबे झाडांखाली पसरली होती, कोठे भजन चालले होते, कोठे मुले झोपी गेली होती. सूनबाईने विचारले, “आत्याबाई, पाय दुखतात का? चोळून देऊ?” अक्का म्हणाली, “पाय ठीक आहेत गं. पण हात रिकामे असले की माणूस पाहुणा होतो. तुम्ही सगळे यात्रेला आलात आणि मला तुम्ही यात्रेला आणलंत.” दुसऱ्या दिवशी सकाळी औषधांची थैली, विजेरी आणि पाण्याची एक बाटली असे दीडेक किलो सामान तिच्या खांद्याला लागले. त्याने तिचा वेग वाढला असे मी म्हणणार नाही. तो वाढला नाही. मात्र ती पुन्हा बोलू लागली आणि नातवाला पाणी हवे असले की तो तिच्याकडे जाऊ लागला.

‘हात रिकामे असले की माणूस पाहुणा होतो’ या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. पाहुण्याचा आपण आदर करतो, त्याला बसायला देतो, चांगले खाऊ घालतो. पण पाहुण्याला घराचा निर्णय विचारीत नाहीत आणि पाहुण्यावाचून घराचे काही अडत नाही. ज्याच्यावाचून काहीच अडत नाही, अशी अवस्था आपण आदरापोटीच एखाद्याच्या वाट्याला आणतो. ओझ्याला दोन बाजू आहेत. त्याचे वजन शरीराला त्रास देते, आणि तेच वजन ‘या समूहात माझी जागा आहे’ ही ग्वाहीही देते. वजन काढून घेताना ती ग्वाही आपण बरोबर काढून घेतो आणि ते आपल्या लक्षात येत नाही.

आपल्या संतकथांना ही गोष्ट ठाऊक होती, असे वाटते. विठ्ठल जनाबाईबरोबर दळायला बसला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. सर्वशक्तिमान देवाला दळण एका क्षणात संपवता आले असते. कथेतील देव तसे करीत नाही. तो जात्यापाशी बसून दळू लागतो. जनाबाईचे काम काढून न घेता तिचे एकटेपण तेवढे काढून घेतो. पैठणला एकनाथांच्या घरी श्रीखंड्याच्या रूपाने देव कावडीने पाणी भरत होता, त्या कथेतही देव ओझ्याच्याच वाटेने घरात शिरतो. ज्या घराचे पाणी आपण भरतो त्या घराचे आपण होतो, हा अनुभव त्या कथेच्या मुळाशी असावा.

परंतु येथेच सावध झाले पाहिजे. ओझ्यामुळे मान मिळतो हे विधान खरे असले तरी ते फार सोयीचेही आहे, आणि ज्याच्या पाठीवर काही नाही अशाच माणसाच्या तोंडी ते बहुधा ऐकू येते. जनाबाई नामदेवांच्या घरची दासी होती. तिच्याबरोबर दळणाऱ्या देवाचे कौतुक करताना, तिला दळणातून सुटी मागण्याची मुभा होती का, हेही विचारायला हवे.

हा प्रश्न मला शासकीय सेवेच्या प्रारंभीच भेटला. १९८५ ते १९८७ या काळात गुजरातेत लागोपाठ दुष्काळ पडले. त्यातील शेवटच्या वर्षी सौराष्ट्रातील एका तालुक्यात तलाव खोदण्याच्या राहतकामावर माझी नेमणूक होती. खोदलेल्या मातीच्या मापावर मजुरी ठरत असे आणि ती टोळीत वाटली जात असे. एका टोळीत एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांच्याने टोपली उचलवत नसे, म्हणून ते सर्वांना पाणी पाजीत आणि बोथट झालेली हत्यारे वेगळी काढून ठेवीत. टोळीने त्यांचा हिस्सा कधी कमी केला नाही. ते एक दिवस आले नाहीत तर कामाची घडी विस्कटते, असे टोळीवाले मला सांगत. दुसऱ्या एका टोळीत दिवस भरत आलेली एक बाई टोपल्या वाहत होती. मी मुकादमाला विचारले, तेव्हा तो हसून म्हणाला, “साहेब, कामाशिवाय तिला चैनच पडत नाही.” मग मी तिलाच विचारले. ती म्हणाली, “बसले तर मस्टरमधून नाव जाईल.” हलके काम देण्याची तरतूद होती, त्याप्रमाणे तिला पाणी पाजण्याच्या कामावर घेतले आणि नाव मस्टरवर राहिले.

दोन्ही टोळ्यांत अशक्त माणसे काम करीत होती. दोन्हींविषयी ‘त्यांना कामात मान वाटतो’ असे म्हणता आले असते. फरक होता तो एवढाच की, पहिल्या टोळीतील म्हाताऱ्याने हातातले भांडे खाली ठेवले असते तरी त्याची भाकरी गेली नसती, आणि त्या बाईची गेली असती.

गिरनारवर हा फरक रोज दिसतो. तळेटीला डोलीवाले बसलेले असतात. ज्याला चढवत नाही त्याला ते खांद्यावरून वर नेतात आणि भाडे बसणाऱ्याच्या वजनावरून ठरते. ऑक्टोबर २०२० मध्ये अंबाजीच्या टुकापर्यंत रज्जुमार्ग सुरू झाला. माणसाने माणसाला खांद्यावरून वाहावे ही प्रथा यंत्राने कमी केली, तर ते सुधारणेचे लक्षण, असे माझ्यासारख्याला सहज वाटते. पण ज्याचे पोट त्या खांद्यावर आहे त्याला ते तसे कसे वाटेल? त्याचे ओझे उतरले आणि त्याबरोबर त्याची चूलही विझायची वेळ आली, तर त्याला आपण मुक्त केले असे म्हणता येणार नाही. ओझे उतरवणाऱ्याने उतरवण्यापूर्वी एवढे पाहिले पाहिजे की, त्या माणसाचे अन्न त्या ओझ्याला बांधलेले तर नाही ना.

परिक्रमेच्या आदल्या दिवशी आम्ही जुनागढहून तळेटीकडे जाताना लागणारा तो प्रसिद्ध शिलालेखाचा खडक पाहिला होता. एकाच पाषाणावर तीन काळांतील लेख आहेत. अशोकाच्या चौदा आज्ञा आहेत. त्यांपैकी दुसरीत माणसे आणि पशू यांच्यासाठी औषधोपचार, वाटांवर विहिरी आणि झाडे यांचा उल्लेख येतो. इ. स. ४५५-४५६ च्या सुमारास फुटलेला सुदर्शन तलाव दुरुस्त केल्याची हकिकत सांगणारा स्कंदगुप्ताच्या काळातील लेख आहे. आणि या दोहोंच्या मधल्या काळातला, इ. स. १५० च्या सुमाराचा, महाक्षत्रप रुद्रदामनाचा संस्कृत लेख आहे. त्याच्या काळातही वादळी पावसाने हाच तलाव फुटला होता. भगदाड इतके प्रचंड होते की मंत्र्यांनी बांधकामाला विरोध केला आणि प्रजा हवालदिल झाली. रुद्रदामन सांगतो की, नगरातील व खेड्यांतील लोकांना कर, विष्टी आणि प्रणय यांची पीडा न देता त्याने स्वतःच्या खजिन्यातून धरण बांधून घेतले. प्रणय म्हणजे येथे प्रेमाच्या नावाखाली उकळलेली वर्गणी, आणि विष्टी म्हणजे सक्तीची बिनमोल मजुरी. याच विष्टीवरून आपला ‘वेठ’ हा शब्द आला. पावणेएकोणीसशे वर्षांपूर्वी एका राजाला ‘मी वेठ लावली नाही’ ही गोष्ट दगडावर कोरण्याजोगी वाटली, यावरून वेठ लावणे हाच त्या काळचा परिपाठ असणार, हे उघड आहे. प्रेमाच्या नावाखालील वर्गणीचा उल्लेख तर फारच मार्मिक वाटतो. माणसावर ओझे लादण्याची सर्वांत सभ्य रीत आजही तीच आहे.

तो लेख वाचताना मराठी माणसाला आणखी एक आठवण टाळता येत नाही. आपल्या पूर्वजांचा सौराष्ट्राशी आलेला संबंध ‘मुलूखगिरी’ या शब्दात साठवला आहे. गायकवाडांची फौज खंडणी वसुलीसाठी काठेवाडात जाई आणि रक्कम देईपर्यंत गावांना त्या फौजेचा भार सोसावा लागे. १८०७ मध्ये कर्नल वॉकरच्या मध्यस्थीने खंडणीच्या रकमा ठरल्या आणि फौजेची स्वारी थांबली. पुढे याच राज्याने १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सर्व राज्यात लागू केला, याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. पण अभिमानाचे पान वाचताना त्याच्या आधीचे पान फाडून टाकू नये. ओझे लादणारे आणि ओझे उचलणारे अशा दोन वेगळ्या जाती नसतात. एकाच घराण्याच्या वहीत दोन्ही नोंदी सापडतात.

या साऱ्यावरून ओझ्याच्या न्यायाची एक कसोटी मला सुचते. हे ओझे मी खाली ठेवले तर पंगतीतली माझी जागा राहील का? जागा राहणार असेल आणि तरीही मी ते उचलत असेन, तर ते ओझे माझे आहे; त्याने मला मान मिळतो आणि ते कोणी दयेने काढून घेऊ नये. जागा जाणार असेल, तर त्या ओझ्याला सेवा, कर्तव्य, संस्कार अशी कितीही गोड नावे दिली तरी ती वेठच. त्याचप्रमाणे कसोटीची दुसरी बाजूही आहे. ज्याला काही उचलायचे आहे त्याच्या हाती लागेल असे काही आपण शिल्लक ठेवले आहे का? पहिल्या बाजूने सक्ती टळते, दुसऱ्या बाजूने हकालपट्टी टळते. दोन्ही बाजू पाळल्या तरच वाटणी न्याय्य म्हणता येईल.

परिक्रमेच्या दुसऱ्या दिवशी नळपाणीच्या घोडीवर अक्का थांबली आणि मुलाला म्हणाली, “आता घे रे हे.” त्याने थैली घेतली. कोणी काही बोलले नाही. त्या रात्री बोरदेवीला अन्नक्षेत्राच्या पंगतीत ती आमच्या मध्ये बसून खिचडी जेवली. त्या पंगतीत कोणी काय वाहून आणले हे विचारण्याची पद्धत नाही. येईल त्याला पान मांडतात. सकाळी थैली मागणे आणि दुपारी ती देऊन टाकणे, हे दोन्ही तिने स्वतः ठरवले होते. आदल्या दिवशीच्या निर्णयात, तो कितीही प्रेमाचा असला तरी, तिचे हे ठरवणेच राहून गेले होते.

आपल्या घरांत हा प्रसंग पिशवीवाचून रोज घडत असतो. वडिलांची दृष्टी कमी झाली म्हणून बँकेचे पासबुक मुलगा आपल्याकडे घेतो. आईला उभे राहवत नाही म्हणून तिला स्वयंपाकघरातून उठवून दूरचित्रवाणीसमोर बसवले जाते. हेतू चांगला असतो. पण पासबुक घेताना महिन्यातून एकदा हिशेब वडिलांपुढे ठेवता येतो, आणि बसल्या जागी भाजी निवडण्याचे काम आईकडे राहू शकते. तिला नको असेल तर तीच सांगेल. उलट, ज्या घरात सुनेने एक दिवस सारे लक्ष सोडून दिले तर तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहिले जाते, त्या घरात तिच्या कर्तव्यदक्षतेचे कौतुक करण्याचा अधिकार कोणालाच नाही. तेथे प्रथम तिची जागा पक्की करावी आणि मग कौतुक करावे.

शेवटी, ज्या वाचकांसाठी हे लिहीत आहे त्यांच्या घरातील एका खास ओझ्याविषयी. पाच-सहा पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या कुटुंबांत मराठी भाषा हे एक वाहून न्यायचे सामान असते. बडोदे असो, इंदूर असो, वा ग्वाल्हेर, ही चिंता सर्वत्र सारखीच ऐकू येते की नातवंडांना मराठी वाचता येत नाही. आपण त्यांच्यावर ती लादतो किंवा ‘त्यांना कशाला त्रास’ म्हणून त्यांच्याकडून काढून घेतो. दोन्ही प्रकार आपण प्रेमानेच करतो. माझ्या नातवाच्या पाठीवर अडीच किलो होते आणि ते त्याने स्वतः मोजून घेतले होते. माळवेल्याला त्यातली एक सतरंजी मी मागितली, तर त्याने दिली नाही. भाषेच्या बाबतीत असेच काही करता येईल का, हा विचार मनात घोळत राहतो. आजीने लिहिलेले पत्र, लोणच्याच्या बरणीवरची चिठ्ठी, सणाच्या दिवशी म्हणायची एक आरती, एवढे त्याला पेलेल. ते उचलावे की नाही हे त्याला ठरवू द्यावे. आणि त्याने नाही उचलले, तरी गणपतीच्या पंगतीत त्याचे पान मांडलेले असावे, त्याच्या मराठीला कोणी हसू नये. ज्या पंगतीत आपली जागा नक्की आहे असे मुलाला ठाऊक असते, त्या पंगतीचे काही सामान आपल्या खांद्यावर घ्यावे असे त्याला कधीतरी आपण होऊन वाटू शकते. लादून ते वाटत नाही, हे आपण आपल्याच बालपणावरून जाणतो.